घोडीची मच्छरदाणी

१८ सप्टेंबर १९३८, सारंगखेडा

दोधू सुरतेहून मच्छरदाणी घेऊन आला. माझा भाऊ — माहेर-सासर मिळून अक्कल असलेला तो एकच पुरुष! गेल्या कार्तिकात माझा बाळू हिवतापाने गेला. तेव्हाच शहाद्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — धाकटीला तरी दिवेलागणीपासून जाळीत ठेवा. लगेच कमलीच्या खाटेवर बांधली. पोर आत बसून टाळ्या पिटते आहे.

आमचे हे जाळी बघून हसले. "हाई काय, मासा धरानं जाळं शे का?" आणि म्हणे सातवी पास.

२ ऑक्टोबर

रोज कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करते. कमलीच्या पायांना करंजाचं तेल चोळते. रांजण उपसून पालथे घालते. यांनी मात्र दत्ताच्या यात्रेतल्या घोडेबाजारात विकायला पांढरी घोडी आणली आणि तिच्या पाण्यासाठी हौद बांधला — बरोबर आमच्या खिडकीखाली. आठ दिवसांत त्यात अळ्यांची वळवळ. उपसा, म्हटलं. तर म्हणतात, "घोडी पी लेस." धन्य आहे.

३ ऑक्टोबर

हौदात अर्धी बाटली रॉकेल ओतलं. घोडीने तोंड लावलं नाही. दिवसभर शिव्या खाल्ल्या, पण हौद उपसला गेला.

१९ ऑक्टोबर

नदीवरून धुणं घेऊन आले तर कमलीची खाट उघडी. जाळी गोठ्यात, घोडीवर! डासांनी तिच्या अंगावर गांधी उठल्या. पांढऱ्या अंगावर त्या लगेच दिसतात, असं कुणी दलाल सांगून गेला. जाळी अपुरी पडली म्हणून कडेला पोत्याचे तुकडे जोडून घेतले. त्यासाठी यांनी शिंप्याला घरी बोलावलं, चहा पाजला. बाळू तापाने फणफणत होता, तेव्हा डॉक्टरला आणायला याच माणसाला सवड नव्हती.

"आणि कमली?" मी विचारलं.

"पोरले चावतस ते खाजाडी लेस. घोडीना भाव पडी जाई."

हे वाक्य मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

२० ऑक्टोबर

शेजारची मंगलाबाई गोठ्यात डोकावून म्हणाली, "बाई, हाई ते तुन्ही सवत शे!" सवत असती तर भांडता तरी आलं असतं.

२७ ऑक्टोबर

तोड सापडली. तिन्हीसांज झाली की कमलीचं अंथरूण गोठ्यात, घोडीच्याच जाळीत घालते. मध्ये एक फळी आडवी लावली आहे आणि मी फळीशी बसते. घोडी पाय हलवत नाही. मान खाली करून पोरीला हुंगते आणि उभी राहते. या घरात तिलाच काय ती समज.

यांनी पाहिलं. मला वाटलं, पोरीची काळजी वाटली असेल. विचारलं काय, तर "घोडी बिचकाव नही ना?"

१५ नोव्हेंबर

कमलीला एकदाही थंडी वाजली नाही. घोडीच्या अंगावर गांधी नाहीत. मला मात्र हातभर चावे.

७ डिसेंबर

यात्रेत घोडी गेली. गुजरातच्या कुणा शेठने घेतली. मी धावत गोठ्यात गेले — जाळी नाही. "सौदामा दिधी," म्हणाले. शेठला आवडली, म्हणून देऊन टाकली! स्वतःला जरीचा फेटा आणला आहे. मघापासून आरशासमोर आहेत. या माणसाची कीव करायचीसुद्धा मला लाज वाटते.

१६ डिसेंबर

दुपारपासून यांना हुडहुडी. तीन गोधड्या घातल्या तरी खाट वाजते आहे. म्हणाले, "कमलीनी माय, क्विनाइनन्या गोया शेतस का घरमा?"

डॉक्टरांनी कमलीसाठी दिलेल्या आठ गोळ्या पिठाच्या डब्यात आहेत.

मी त्यांच्याकडे सरळ बघून "नाहीत" म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. मला माझीच भीती वाटली.