तपासणीआधी निघून गेले

६ ऑक्टोबर, सोमवार
आज नोकरी सुरू झाली आणि मी खूश आहे. पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं कोड करत होते. एक आकडा चुकला की तिकडच्या कुठल्याशा घराची झोप उडायची. इथे इंग्लंडात, लेस्टरच्या अर्जंट केअर सेंटरमध्ये काम तेच आहे, फक्त बिल नाही. रुग्ण येतो, तपासून घेतो, घरी जातो. त्या भेटीत काय झालं याचा कोड आम्ही लावायचा. पैशाशी संबंध नाही, म्हणजे पापाशीही नाही, असं मी आज बसमध्ये स्वतःला बजावलं.

माझं टेबल वरच्या मजल्यावर आहे. काचेतून खालचा वेटिंग हॉल दिसतो. इतकी वर्षं कोड केले, पण रुग्ण डोळ्यांनी पाहिला तो आजच.

घरमालक पद्माकरकाका एकटेच राहतात. जन्म होजिअरीच्या कारखान्यात गेला, मुलगी मीनल एडिनबराला. त्यांनी थालीपिठाचा डबा दिला. म्हणाले, इंग्रजांच्या सँडविचवर कोड चुकतील.

९ ऑक्टोबर
माझे सुपरवायझर राजीव इथेच जन्मले. मराठी फक्त आईशी बोलतात, आणि आता माझ्याशी. आज मी स्क्रीनवर नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली तेव्हा ते हसले. पुण्यात आम्हाला हेच शिकवलं होतं: नाव वाचायचं नाही, नंबर वाचायचा, तोच रुग्णाचा मान. राजीव म्हणाले की ही सवय फार चांगली आहे, कधी मोडू नकोस.

१४ ऑक्टोबर
आज राजीवनी चार तासांचं गणित समजावलं. रुग्णाला चार तासांच्या आत तपासायचं, नाहीतर सेंटरच्या नावाला बट्टा. मर्यादा जवळ आली आणि डॉक्टर मोकळा नसेल तर ‘तपासणीआधी निघून गेले’ हा कोड लावायचा.

मी वाद घातला. माणूस खाली बसलाय आणि मी लिहू की तो गेला? हे कोडिंग नाही, खोटी साक्ष आहे. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“काळजी नको, रेखा. इथे कोणी मरत नाही. फक्त कॉलम बदलतो.”

त्यांनी माझ्याच बोटाने एंटर दाबून घेतलं. मग म्हणाले, खाली बघ. मी पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

माणसं कंटाळतात, उठून जातात. तसंच असेल.

१७ ऑक्टोबर
आता हात सरावलाय. दर वेळी कोड लावते, खाली पाहते, खुर्ची रिकामी. एवढं बरं असतं का कुठे? मला बरं वाटतं, याचीच शरम वाटते. गर्दीच्या दिवशीही लोक त्या खुर्च्यांवर बसत नाहीत. जवळ जातात, अंग शहारल्यासारखं करतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. बेलग्रेव्ह रोड दिव्यांनी फुललाय आणि आमचं घर अंधारात. काका नाहीत. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, काल सकाळी पाय सुजला म्हणून ते बसने अर्जंट केअरला गेले. डायबेटिसचा पाय. ‘रेखाला कामात त्रास नको’ म्हणून मला कळवलंही नाही.

ऑफिसला जाऊन पट्टी काढली. कालच्या भेटींत त्यांचं नाव होतं. तपासणीआधी निघून गेले. कोड लावणारी: मी.

२२ ऑक्टोबर
ते गेलेले नाहीत.

हॉलमध्ये बसलेत, बूट काढून, पाय पुढे करून. नाव कळल्यावर मला दिसले. बाकीचे मला दिसत नाहीत, कारण ते माझ्यासाठी नुसते आकडे होते. घोटा जांभळा पडलाय. मला पाहून हसले.

“माझा नंबर आला का गं?”

एक नर्स त्यांच्या पायावरून ट्रॉली घेऊन गेली. डॉक्टरांना हाताला धरून आणलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फार सभ्यपणे विचारलं की मी रजा का घेत नाही.

२४ ऑक्टोबर
मीनलला फोन केला. हो, बाबा निघून गेले, म्हणाली. पाऊस पडून गेला म्हणावं तशी. कुठे गेले हे विचारलं नाही. रडली नाही. त्यांची खोली रिकामीच आहे, एखादी मैत्रीण असेल तर बघ, असंही म्हणाली. तिच्या आवाजात माया होती. ती मायाच मला —

२७ ऑक्टोबर
डॉक्टरने तपासल्याशिवाय कोड बदलत नाही. कोड बदलल्याशिवाय डॉक्टरला माणूस दिसत नाही. ज्याने हे रचलं त्याला सैतान म्हणू नका, सैतानाला निदान राग येतो.

पाय गुडघ्यापर्यंत काळा झालाय. वास येतो, मला एकटीलाच. काका मरत नाहीत. मरायलाही कोड लागतो; आणि जो निघून गेला तो इथे मरणार कसा? ते फक्त दुखणं सोसतात आणि नंबर विचारतात.

राजीवना धरलं. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हटलं. ते नजर चुकवत नाहीत, हेच भयंकर.

“मी हा कोड कधीच नाही लावला. एकदाही नाही. म्हणून तर तुला घेतलं.”

२९ ऑक्टोबर
ठरलं. आज रिसेप्शनवर रुग्ण म्हणून माझंच नाव दिलं. छातीत दुखतंय म्हणाले. ते खोटंही नाही. काकांच्या शेजारी बसलेय. डॉक्टर माझ्यापाशी येतील तेव्हा त्यांचा हात धरून काकांच्या पायावर ठेवीन. हाताला लागल्यावर तरी — तपासलं गेलं की कोड बदलेल. काकांना सांगितलं. म्हणाले, घाई नको, डॉक्टर कामात असतील.

अजून तीच दुपार
खूप वेळ झाला. बोलावत नाहीत.

वर माझ्या टेबलावर नवी मुलगी आहे. राजीव तिच्यामागे वाकून काहीतरी दाखवतायत. मी उभी राहिले, हात हलवला, ओरडले — तिने खाली पाहिलं नाही. तिची मान किंचित हलली. एंटर दाबताना हलते तशी —

वाट पाहणाऱ्यांच्या बोर्डवर आता माझं नाव नाही.

खुर्च्या

खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. एकही नव्हती. सगळे आहेत — ताप चढलेली बाई, हाताचं हाड वर आलेला मजूर, ओठ निळे पडलेलं — सगळे, मी कोड लावलेले सगळे — नंबरची वाट बघत —

त्यांना मी नवी वाटते. सरकून जागा देतायत. मजुराने काकांना विचारलं, ही कोण.

काका, नका. काका —

“ही आमची रेखा,” काका कौतुकाने म्हणाले. “वर काचेमागे बसून आपले कोड लावायची.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतायत.

उठतायत. आधी ती बाई, मग — पाय घासत — काका अजून हसतायत, त्यांना वाटतंय हे मला भेटायला —

माझा हात धरला मजुराने, लिहायचाच हा