उमरेडला मुलाखतीत कोण रडलं

नागपूर, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट कचऱ्यात टाकू नकोस. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस, पोस्टमनला करता येत नाही, म्हणून हा कागद. आईच्या तेरवीपासून आपण बोललो नाही. सव्वा वर्ष झालं. मला पुन्हा बोलायचं आहे.

आधी खुशाली. धर्मशास्त्रातली माझी पीएचडी रखडत चालू आहे. घरातलं माणूस अचानक गेलं की श्रद्धेचं काय होतं, हा विषय. माझ्या गाईड मॅडमची सक्त ताकीद आहे, दुखऱ्या जागी बोट घालायचं नाही, दर दहा मिनिटांनी "थांबू का?" विचारायचं, आणि टिश्यूचा डबा सोबत न्यायचा.

काल उमरेडला तुळसाबाईंकडे गेले. त्यांचा मुलगा नागसेन अपघातात गेला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मी, आणि मी छापील प्रश्न वाचला, "देवावर राग आला का?"

"आमच्या घरचे देव तं सासऱ्यानं छप्पन सालीच सोडले वं. आता राग कोनावर काढू?"

मी कागद पालथा घातला आणि "थांबू का?" विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या वैतागल्या. "काहून वं, तुले एसटी पकडाची हाय काय?"

मग स्वतःच बोलल्या. "त्याच्या अंगात ताप होता, मले मालूम होतं. सुनेले नाही सांगतलं, गाडी घेऊन जाऊ देलं. मंग एक दिवस तिले सारं सांगतलं."

"सून काय म्हणाली?"

"तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी च्या आनून देला."

दादा, टिश्यूचा अर्धा डबा मीच संपवला. तुळसाबाईंनी रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवला. संशोधक म्हणून मी साफ नापास. हे तुला लिहायची परवानगी त्यांचीच. "सांग तुया भावाले," म्हणाल्या.

तर सांगते. आईला वेळेवर रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं असतंस तर ती वाचली असती, असं मी तेरवीला चारचौघांत तुला म्हटलं. तिच्या छातीत आठ दिवस दुखत होतं, हे मला माहीत होतं. तिने फोनवर सांगितलं होतं, "जितूले सांगू नको, तो उगाच धावपळ करते." मी नाही सांगितलं. तुला कळल्यावर तू अर्ध्या तासात तिला पोचवलंस. चूक माझी होती, आणि मी ती तुझ्या गळ्यात घातली. मला फार लाज वाटते.

पुढच्या रविवारी येते. रुपरावकाकांना आणि त्या दिवशी ऐकणाऱ्या सगळ्यांना बोलावून ठेव. हे मला त्यांच्यासमोर सांगायचं आहे.

अजून बहीण असेन तर तुझीच,
श्वेता