तिसऱ्या कागदावरचं वाक्य

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

तिसरा कागद पोचला. औषधांच्या वेळा सांगणारं तुझं ते ॲप अधू डोळ्यांच्या माणसांना वाचता यावं, म्हणून तू मोबाइलच्या मापात अक्षरं छापून पाठवतेस आणि म्हातारीला पुन्हा नोकरीला लावतेस. चाळीस वर्षं छापखान्यात डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासली, पण पगार वेळेवर मिळायचा हो.

असो. हा सडपातळ फॉन्ट उत्तम. ‘सकाळी एक गोळी, जेवणानंतर’ लख्ख वाचलं. खुशाल घे. जेवत जा वेळेवर, मागच्या खेपेला गालफडं बसली होती तुझी.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.

तुझी आत्या

दि. ११ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दावर मी साहेबांशी भांडून तो फॉन्ट मंजूर करून घेतला. सोमवारी तो दवाखान्याच्या बाराशे रुग्णांच्या फोनवर जाणार. काल फाईल बंद करताना तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तिसऱ्या कागदाची प्रत काढून ताडून पाहिली.

फक्त अक्षर बदलायचं, मजकूर तोच ठेवायचा, ही आमची पद्धत. पहिल्या दोन कागदांवर तू लिहिलंस ते ‘सकाळी एक गोळी’चंच वाक्य होतं. तिसऱ्या वेळी मी कंटाळून बदललं. तिथे ‘रात्री दोन गोळ्या, उपाशीपोटी’ असं आहे.

आत्या, रागावले आहे, पण त्याहून जास्त घाबरले आहे. तुला खरं किती दिसतं? तुझ्या गोळ्या कोण काढून देतं? उलट टपाली कळव. फार थकलेय गं.

माया पातळ करू नकोस.

तुझी भिंगरी

दि. १४ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

हे पत्र शेजारच्या शिंपीणबाई लिहितायत, मी सांगतेय. त्यांच्यासमोर कबूल करायला लाज वाटते, पण करते.

वर्षभर नजरेच्या मधोमध डाग आहे. शब्दाची कड दिसते, मधलं मी मनानं भरते. मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं हे करावं म्हणजे शरमेची गोष्ट. दिसत नाही म्हटलं तर तुझे कागद बंद होतील, मग मला कोण काही विचारणार, एवढीच भीती होती. तुला तोंडघशी पाडलं, ते मला फार लागलं.

काल बाईंना शेजारी बसवून तिसरा कागद पुन्हा धरला. एक अक्षर लागलं नाही. तो फॉन्ट थांबव, साहेबांना माझं पत्र दाखव. दुसऱ्या कागदावरचा जाडजूड बरा वाटला होता, पण ते वाक्य मला पाठ आहे, तेव्हा त्यावर माझं मत धरू नकोस.

बाईंनी गोळ्यांची डबीही पाहिली. रात्रीची गोळी मी किती दिवस सकाळी घेतेय, ते त्यांना सांगता आलं नाही आणि मलाही. उद्या त्या मला दवाखान्यात नेणार आहेत.

राग उतरला की दोन ओळी लिही, बाई वाचून दाखवतील. आणि माझं नाव तपासणाऱ्यांतून काढ, रुग्णांच्या यादीत घाल.

तुझी आत्या