बाजूच्या सीटचं वजन

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी गाडी माझ्या ताब्यात येऊन दोन महिने झाले. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात कोरते आणि संध्याकाळी तुझ्या तीस वर्षांच्या लाडकीच्या पोटाखाली शिरते. कार्बोरेटर साफ केले. टायरची हवा, चारही चाकांवरचा भार ठरवणाऱ्या स्प्रिंगखालच्या रिंगा, सगळं तुझ्या वहीबरहुकूम, आटे मोजून लावलं. इंजिन खूश आहे. पण काल हौशी लोकांसाठी शर्यतीचा ट्रॅक उघडला, तेव्हा तिने माझी पार शोभा केली. डाव्या वळणाला गुणी बाळ, उजव्या वळणाला मागची चाकं घसरतात. दोनदा गर्रकन फिरून मी मागून येणाऱ्यांकडे तोंड करून उभी!

हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती नीट चालली नाही तर विकायची, ही तुझी अट. मला ती विकू द्यायची नाही. एकदा येऊन बघ ना.

तुझ्या रागाला न भिणारी,
खुडबुडी

१२ मार्च

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

वहीत चूक नाही. त्याच आकड्यांवर मी अकरा हंगाम काढले. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत असशील, तो उचलू नकोस. मी येणार नाही. ऑपरेशननंतर हा गुडघा क्लच दाबण्यातून कायमचा बाद झाला, आणि कठड्याशी उभं राहून टाळ्या वाजवणं मला जमणार नाही. गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. गाडी गेली तरी चालेल, तू जिवाला जप.

तुझा,
दादा

२० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे दादा आठ महिने खिडकीशी बसून आहेत. पेपर उलटा धरला तरी यांना कळायचं नाही. तुमचं पत्र मात्र दोनदा वाचलं. मग मीही वाचलं.

अहो, त्या वहीतलं अक्षर कोणाचं, ओळखलं नाहीत? माझं! हे चालवायचे आणि मी शेजारी, मांडीवर वही, हातात घड्याळ. यांनी प्रत्येक रिंग फिरवली ती मी सीटवर बसलेली असताना. वहीत टायर आहेत, पेट्रोल आहे, माझा उल्लेख कुठेच नाही. तुम्ही एकट्या बसता, म्हणून गाडी एका अंगाला हलकी पडते. तेव्हा मी चोपन्न किलोंची होते. आजचा आकडा विचारलात तर भांडण होईल.

जेवताना यांना सांगितलं. आधी मलाच हसू आलं, मग बोलता बोलता फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी मोजणीतच नव्हते. यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि नंतर जेवलेच नाहीत.

मुलांचं बरं चाललं आहे. आठवण ठेवता, तशीच ठेवत जा.

तुमची,
वहिनी

२७ मार्च

सौ. वहिनीस आणि ती. दादास,
सा. न.

वहिनी, तुमच्या जागी वाळूची दोन पोती बसवली, माफ करा. रिकाम्या मैदानात गोल गोल फिरले. दोन्ही वळणं सारखी! मी आनंदाने एवढी ओरडले की चौकीदार धावत आला.

एकटीपुरत्या रिंगा लावणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण हात धजत नाही. शेवटच्या दिवशी सोबत एक माणूस बसवता येतो. अर्जात सोबत्याच्या नावाची ओळ कोरी ठेवली आहे. कोण येणार ते कळवा, त्याच्या वजनाला गाडी लावते.

तुम्हा दोघांची,
खुडबुडी

२ एप्रिल

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

त्या ओळीत माझं नाव घाल. कपड्यांसकट शहात्तर किलो. वहिनीने काट्यावर उभं करून दोनदा बघितलं. सीट एक खाच मागे घे, गुडघा पुरता वाकत नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

चूक वहीतच होती. तुझ्यावर उगाच ढकलली. तुझ्या वहिनीची माफी मागितली आहे, ती अजून पुरती मिळालेली नाही.

मी काही शिकवायला येत नाही, तोंड बंद ठेवीन. अकरा हंगाम ती त्या सीटवरून काय बघत होती, ते मला एकदा बघायचं आहे.

माया आहेच, तीत खंड नको.

तुझा,
दादा