बोगद्याजवळचा सिग्नल

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी अशी की माझ्या आगगाडीला सिग्नल लागले, तेही खरे पेटणारे! हो, त्याच मागच्या खोलीत, जिथे टेबलभर रूळ पसरल्यामुळे तुला झोपायला जागा उरलेली नाही. दिवे टाचणीच्या डोक्याएवढे आहेत. तारा जोडताना दोन बोटं भाजली आणि बायकोचा चांगला चिमटा कामाला आला. तिला अजून ठाऊक नाही.

रुळाखाली बटणं आहेत आणि इंजिनाच्या पोटाला चुंबक. पॅसेंजर पुढे गेली की तिच्या पाठीमागे लाल दिवा लागतो. तो पाहून मी मालगाडी थांबवतो. रस्ता मोकळा झाला की हिरवा.

भावोजींनी जन्मभर खऱ्या रेल्वेचे सिग्नल सांभाळले. मागे ते माझ्या गाडीला चावीचा बेडूक म्हणाले होते, ते मी विसरलेलो नाही. आता काढा म्हणावं खोट!

आहे तेवढी माया राहू दे, थोडी वाढली तरी चालेल.
तुझा खटपट्या

९ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून कौतुक वाटलं आणि रागही आला. ह्यांना खोट काढायला तू जागाच ठेवली नाहीस!

खरं सांगू? मला ह्यांची काळजी वाटते. निवृत्त झाल्यापासून खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. पूर्वी भिंतीवरचं घड्याळ, माझं कपडे वाळत घालणं, शेजाऱ्यांची शिडी, कशालाही नावं ठेवायचे आणि माझं डोकं उठायचं. आता सगळं ‘ठीक आहे’. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हटलं, तर म्हणाले, गळू दे. माझा माणूस असं बोलत नाही रे.

तेव्हा माझं ऐक. सगळे दिवे उलटे कर. लाल तिथे हिरवा, हिरवा तिथे लाल. मग ह्यांना फुशारकीचं पत्र टाक. सल्ला मात्र मागू नकोस, मागितलास तर ‘बरंय’ म्हणून पत्र खिशात घालतील. फुशारकी कशी मारायची हे तुला शिकवायला नको.

जपून राहा, आणि बायकोचा चिमटा परत कर.
ताई

१४ जून

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

कळवण्यास आनंद होतो की माझे सिग्नल सुरू झाले. गाडी लाल दिव्यावरून झोकात निघून जाते, आणि ती गेली रे गेली की मागे हिरवा लागतो. काल मालगाडी पाठीमागून पॅसेंजरवर आदळली आणि स्टेशन मास्तरांचं मुंडकं उडालं, पण तो गाड्यांचा दोष. सिग्नल अगदी चोख आहेत.

तुमच्या खात्यात ह्या कामाचा एवढा बाऊ का करत होते, कळत नाही. माझं तर एका सुट्टीत उरकलं. उत्तराची तसदी घेऊ नये.

लहानाचा मान राखून कृपा असू द्यावी.
आपला खटपट्या

१९ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र लागू पडलं! ह्यांनी ते उभ्यानंच वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. मला म्हणाले, तुझ्या भावाला घरातल्या दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावू देता कामा नये. जेवताना वाटीचं स्टेशन आणि चमच्याची मालगाडी करून मला सगळं समजावून सांगितलं. मी मुद्दाम दोनदा चुकले. असे खेकसले म्हणतोस! किती बरं वाटलं.

माळ्यावरून हत्यारांची पेटी काढलीय. शनिवारी येताहेत. ओरडतील ते ऐकून घे, पण मधूनमधून उलट उत्तरही दे, त्याशिवाय ह्यांना रंग चढत नाही.

माझा जीव तुझ्या टेबलावर अडकलाय, सांभाळ.
ताई

२८ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. एक गोष्ट तिथे बोललो नाही, ती आता लिहितो.

ज्याला काम येत नाही, त्याच्या हातून दोन-चार दिवे नशिबानं बरोबर लागतातच. तुझा एकूण एक दिवा उलटा होता, आणि जोड मात्र सगळे सुबक. एवढी चोख चूक करायला काम यावं लागतं. शिवाय स्टेशन मास्तरच्या मानेवर करवतीचे दात उमटलेले होते. हे डोकं तुझं नव्हे. ह्या डोक्याबरोबर मी संसार केलाय.

तरी दोन दिवस तुझ्यावर ओरडलो, कारण मजा आली. आपल्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, हे मला सोसत नव्हतं रे.

निघताना बोगद्याजवळच्या सिग्नलची एक तार मी सैल करून ठेवली आहे. तो अधूनमधून उगाचच लाल होईल. हात लावायचा नाही! बिघाड चिवट आहे, भावोजींना पुन्हा यावं लागेल, असं ताईला कळव.

इथे आल्या आल्या नळाला नवा वायसर घातला. आज पाहतो तर नळ पुन्हा गळतोय. उघडला, तर आत वायसरच नाही. तो तुझ्या ताईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात सापडला. मी तो तिथेच राहू दिला, आजकालच्या मालाला भरपूर शिव्या घातल्या, आणि दुकानातून दुसरा आणायला निघालो.

लोभ घट्ट असू दे, तार तेवढी सैल राहू दे.
तुझा भावोजी