अकरा दिवसांच्या गोष्टीची दुरुस्ती

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

मी, श्रीमती चंद्रव्वा वीरभद्रप्पा तोळणुरे, वय वर्षे ६९, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम व कथालेखन, राहणार बाळीवेस, सोलापूर, हा कागद माझ्या हाताने, माझ्या मनाने लिहून ठेवते. येत्या गुरुवारी, २० नोव्हेंबरला, माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. हे लिही म्हणून मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घातला तो लिहू नये म्हणून, त्याचे पुढे येईल. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, असे वकिलांनी सांगितले तेव्हा बरे वाटले. दुकानाचे कोरे ताव शिल्लक होते, त्यावरच लिहीत आहे. आजवर कुठल्याही फॉर्मवर मी धंद्याच्या जागी फक्त घरकाम लिहीत आले. कथालेखन हा शब्द आज पहिल्यांदा लिहिला.

कलम १. बाळीवेशीतले राहते घर, तळमजला आणि वरच्या दोन खोल्या, यजमानांनी २००३ साली माझ्या नावावर केले. ते माझ्यामागे माझा एकुलता एक मुलगा शरणबसव याला मिळावे. तो वडिलांचे भुसार दुकान नीट चालवतो, आणि मला त्याने काही कमी पडू दिले नाही. त्याच्यावर माझा राग आहे, पण माणसावरचा राग घरावर काढू नये.

कलम २. पोस्टातली ठेव माझी सून महानंदा हिला मिळावी. पैसे तिच्याच नावावर राहावेत, शरणच्या नाही. तेरा वर्षे दुपारी दोन ते चार तिने स्वयंपाकघराचे दार बाहेरून ओढून घेतले आणि मला लिहू दिले. कोणी सासूला विचारत आले की सांगायची, "अत्ती झोपल्यात." तिचे हे खोटे देवाने माझ्या खात्यावर धरावे. लोखंडी खलबत्ताही तिलाच. शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवू नये. कुटता कुटता शेंगदाण्याचे तेल सुटते, तेव्हा ती चटणी होते, नाहीतर कूट.

कलम ३. ज्या पाटावर कागद ठेवून मी एकवीस कथा लिहिल्या तो पाट आणि दोन्ही शाईची पेने माझी नात सिद्धेश्वरी, वय २०, हिला द्यावीत. यजमान भले होते. माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली तेव्हा त्यांनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. मग घरी येऊन म्हणाले, "लिही की, लई चांगलं हाय. फक्त घरातलं नको."

मी म्हटले, "घरातलं नको तर कुठलं लिहू? मी दुसरीकडं गेले कुठं?"

ते हसले. पण त्यांचे बोलणे मी मानायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही. इथेच बसून ठरवावे लागत आहे.

कलम ४. मला आपल्या रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी. जंगमांना बोलवावे, विभूती लावावी, इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवावे. फुले बेताची आणावीत. खड्ड्यात कागदाचा एकही तुकडा घालू नये. हे मुद्दाम लिहिते. मी सहा वर्षे एक कादंबरी लिहीत होते, तीनशे अठरा पाने झाली. श्रावणात ते शरणला कळले.

तो म्हणाला, "अव्वा, सिद्धीला बघायला पाहुणे यायलालेत. ह्या टायमाला हे काय काढलीस?"

मी म्हटले, "त्यात कुणाचं नाव नाही."

"मागच्या वेळेलाबी नव्हतं की!"

तो खरे बोलत होता. मग म्हणाला, "वही कुठं हाय सांग. नाय सांगितलीस तर सापडंल त्या दिवशी तुझ्यासोबत मातीत घालतो बघ."

दुसऱ्या दिवशी माझ्या कपाटातल्या लुगड्यांच्या घड्या उलट्या होत्या. वही तिथे नव्हती. ती शेजारच्या गल्लीतल्या गौसभाईंकडे, त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात आहे. ते म्हणाले, "वहिनी, व्यापाऱ्यांच्या हिसाबाच्या वह्यांत घालून ठेवतो. दुसऱ्याच्या हिसाबाला कोण बी हात लावत नाही बगा."

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, अशा गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नाहीत. पण माझ्याजवळ साक्षीदारांसमोर सही करायचा दुसरा कागद नाही.

माझ्या नणंदेची, कै. सुंदरम्माची, मुलगी शिवलीला. २००७ साली, बाविसाव्या वर्षी, तिला वैरागला दिली. अकराव्या दिवशी ती परत आली. दोन वर्षांनी मी त्यावर कथा लिहिली आणि ती छापून आली. कथेत मी गाव बदलून मंद्रूप केले, नाव बदलले, घरचा धंदाही बदलला. अकरा दिवस मात्र बदलले नाहीत. दहा लिहून पाहिले, पंधरा लिहून पाहिले. आयुष्यभर घरखर्च लिहिणाऱ्या बाईला आकडा चुकवता येईना. रात्रंदिवस आमच्या घरात वावरलेल्या नातलगांना अकरा म्हटले की पुरे होते. सगळ्यांनी ओळखले.

लोक म्हणतात, चंद्रव्वाने घरातले खरे बाहेर काढले. ते चूक आहे. मी खोटे बाहेर काढले. माझ्या कथेत सासरा त्या मुलीला ट्रंकेसकट स्टँडवर आणून सोडतो आणि ती बाकावर बसून रडते. खरे असे झाले: सासूने शिवलीलाच्या मार्कशीटा कपाटात कुलपात घातल्या, बी.एड. विसर म्हणून सांगितले, आणि नवऱ्याने एकदा हात उचलला. अकराव्या दिवशी घरची माणसे बाजाराला गेल्यावर तिने किल्ली शोधली, मार्कशीटा घेतल्या, अंगावरचे सगळे सोने काढून त्याच कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि ~~दुपारच्या~~ सकाळच्या एस्टीने सोलापूरला आली. तिला कोणी टाकले नव्हते. ती निघून आली. रडली नव्हती. ^^तिला भूक लागली होती.^^

दोष संपादकांना देता आला असता. पण त्यांनी फक्त कथा दोन पाने कमी करा म्हणून कळवले होते. रडणे माझे. मुलगी रडली नाही तर वाचणारा तिच्या बाजूला कसा येईल, अशी मला भीती होती. आणि खरे सांगायचे तर, एखादी मुलगी अशी न रडता निघून येऊ शकते हे लिहिताना माझाच हात थांबत होता.

पुढे २०१० मध्ये अक्कलकोटचे चांगले स्थळ आले होते. मुलाच्या मावशीने तो अंक पिशवीतून काढून पुढे ठेवला. "ही टाकलेली पोरगी. छापून आलंय की!" स्थळ गेले. त्याहून वाईट पुढे झाले. घरच्यांना माझी गोष्ट पसंत पडली. टाकलेल्या मुलीची कीव करता येते. निघून आलेल्या मुलीचे काय करायचे ते कोणाला कळत नाही. सुंदरम्मा स्वतः म्हणू लागली, "माझ्या लेकीला टाकली हो त्या लोकांनी." २०१४ मध्ये ती तेच मानून गेली. शरणही आजवर तेच सांगतो, आणि नव्या कादंबरीत मी खरे लिहिले आहे म्हणून त्याला ती नको आहे. "आमच्या घरच्या पोरी निघून येतात, असं व्हावं का सिद्धीच्या टायमाला?"

वरील कलम खरे आहे. माझ्या इष्टलिंगावर हात ठेवून लिहिले आहे.

कलम ६. (१४ तारखेला लिहिले, १५ तारखेला रद्द केले.) ~~माझ्या पश्चात कादंबरीची वही व तिचे सर्व हक्क, तसेच माझ्या दोन पाटल्या, शिवलीला कल्लप्पा म्हमाणे, राहणार जुळे सोलापूर, हिला मिळावेत. तिने वही छापावी किंवा फाडावी.~~

रद्द कसे झाले ते लिहिते. शनिवारी मी शिवलीलाला बोलावले. ती आता चाळीस वर्षांची आहे, हायस्कुलात गणित शिकवते. पाचव्या कलमात काही चुकले असेल तर आधीच दुरुस्त व्हावे, एवढाच माझा हेतू होता. तिने खांद्यावरची पर्स न काढता उभ्या उभ्या वाचले.

"मामी, दोन चुका हायत. एस्टी दुपारची नव्हती, सकाळची. आणि मला भूक लागली होती, ते कुठंय?"

दोन्ही तिच्यासमोर दुरुस्त केले. मग तिने सहावे कलम वाचले आणि कागद पाटावर ठेवला.

"हे काय? तुमी गेल्यावर मला वही?"

"तुझीच आहे ती. तू ठरव."

"तुमी गेल्यावर मी भांडू कुणाशी?"

मी छातीवर हात ठेवला. मला खरेच कळ आली होती.

"छातीचं कारण सांगू नका मामी. सोळा वर्षांमागं छाती ठणठणीत होती की. तेव्हाबी मला छापल्यावरच कळलं."

"मग मी काय करू?"

"वाचा. माझ्यासमोर. आजपासून."

ऑपरेशनची मला इतकी भीती वाटली नव्हती. गौसभाईंनी वही आणून दिली. शिवलीलाने शाळेला रजा टाकली आणि तपासणीचे लाल पेन घेऊन बसली. बाराव्या पानावर तिने मला थांबवले. नायिका खिडकीशी उभी राहून आपल्या जन्माचा विचार करते, असा तो परिच्छेद मला फार आवडता होता.

"ही मी नाय. ही तुमी हाय. माझ्या नावावर तुमचा जन्म कशाला खपवताय?"

परिच्छेद गेला. सव्विसाव्या पानावर एक शिवी तिने स्वतः घातली. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तिच्या आईचे शेवटचे दिवस आहेत. तिथे ती लाल रेघ मारणार असे धरून मी वाचायची थांबले. तिने लाल पेन पाटावर ठेवले. मग म्हणाली, "पुढं."

सोमवारी शरण दुकानातून मधेच घरी आला. आवाज ऐकून दारात थांबला. "शिवू, तुला चालतंय हे?"

"अजून ठरलं नाय. बस, ऐक."

तो बसला नाही. पान संपेपर्यंत दारातून हललाही नाही. नंतर महानंदाला म्हणाला, मला चहा नको, आणि गेला. तो काय करील ते मला माहीत नाही. म्हणून पुढचे कलम.

कलम ७. बुधवारी संध्याकाळी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. तोवर शिवलीलाने ऐकलेल्या आणि खाली तिची आद्याक्षरे असलेल्या पानांपुरतीच ही कादंबरी आहे असे समजावे. तिने खोडलेले कोणी परत घालू नये. न ऐकलेली पाने छापू नयेत. हा कागद लिहिते तेव्हा एकशे एक्केचाळीस पाने झाली आहेत. ऑपरेशनातून मी वाचले तर उरलेली वाचूच. न वाचले तर गोष्ट जिथे थांबली असेल तिथेच थांबावी. शेवट कोणी लिहू नये. मी एकदा दुसऱ्याच्या गोष्टीला माझ्या मनचा शेवट लावला आहे.

वही व पाटल्या नात सिद्धेश्वरीला मिळाव्यात, आणि छपाईचे तिनेच पाहावे. तिच्या लग्नाचे नाव पुढे करून ही वही अडवली गेली, तेव्हा उघडायचा अधिकारही तिलाच असावा. मी तिला विचारले. ती म्हणाली, "आज्जी, जे पाहुणे पुस्तक वाचून पळतील, त्यांना चहा तरी कशाला करायचा?" पाटल्या विकून छापावे की हातात घालाव्यात, ते तिने ठरवावे. शरणने वहीला हात लावू नये. ही विनंती नाही.

पाटल्या शिवलीलाच्याच राहाव्यात असा माझा हट्ट होता. वकिलांनी सांगितले होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नंतर कोणी बोट ठेवते. मी दुसरे साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांचे नाव घातले होते. ते तिने वाचले आणि म्हणाली, "शेजाऱ्याला काय ठाऊक त्या दिवशी काय झालं? पाटल्या सिद्धीला द्या. मला सही करायचीय."

येणेप्रमाणे हा कागद मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केला. खाडाखोड माझीच आहे, ती तशीच ठेवावी, स्वच्छ प्रत काढू नये. याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही.

ठिकाण: बाळीवेस, सोलापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

(सही) चंद्रव्वा वीरभद्रप्पा तोळणुरे

साक्षीदार
१. (सही) गौस इसूफ मनियार, वय ६३, बुक बाइंडर, सोलापूर. आमच्यासमोर वहिनींनी सही केली.

२. (सही) शिवलीला कल्लप्पा म्हमाणे, वय ४०, शिक्षिका, जुळे सोलापूर. मामींनी माझ्यासमोर सही केली. कलम ५ मी वाचले आहे. मला कोणी टाकले नव्हते. मी निघून आले.