भाची कपाळापर्यंत आली

बेलवली, बदलापूर (प.)
मंगळवार, ९ ऑक्टोबर २००७

चि. राजेंद्र यास बेलवलीहून मायाताईचा सप्रेम जयभीम.

प्रज्ञाची तब्येत कशी आहे? बाळंतिणीला गार वाऱ्यात बसू देऊ नकोस, आणि तिने कितीही म्हटलं तरी ऑफिसचं काम घरी आणू देऊ नकोस. डिंकाचे लाडू एवढ्यात संपले असतील, तर ते कोणी खाल्ले हे मला इथे बसून कळतं. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या दाजींना फॅक्टरीतून रिटायर होऊन दोन महिने झाले, पण अजून सकाळी साडेसहाला पँट घालून तयार होतात आणि मग कुठे जायचं ते न कळून खुर्चीत बसतात. अस्मिताचं कॉलेज चालू आहे (म्हणजे कॉलेज चालू आहे, आमची लेक त्यात कितपत चालू आहे ते परीक्षेनंतर कळेल).

तू रोज फोन करून विचारतोस, फोटो बघितला का, नाव ठरलं का, आणि मी रोज बघते बघते म्हणते. आज सगळं सविस्तर लिहिते, कारण फोनवर बोलायला लागलं की तुला मीटिंग असते. भावाच्या लेकराचं नाव आत्याने ठेवायचं, आणि तुझ्या लेकीला आत्या मी एकटीच. म्हणून मी म्हटलं की पोरीचं तोंड बघितल्याशिवाय नाव सांगणार नाही. त्यावर तू म्हणालास, ताई, तुझे गुडघे दुखतात, बंगलोर लांब, तू कशाला त्रास घेतेस, फोटो मेल करतो, तू नाव एसएमएस कर. मी बरं म्हटलं. (आई गेल्यापासून तुला मी वाढवला. मी कधी कोणत्या आवाजात बरं म्हणते, ते तुला कळायला हवं होतं. पण ते असो.)

फोटो तू गुरुवारी पाठवलास. आमच्याकडे कॉम्प्युटर आहे, पण टेलिफोनची तार अजून आमच्या गल्लीपर्यंत आलेली नाही. स्टेशनजवळ सायबर कॅफे आहे, पण तिथे एकेका खोक्यात दोन-दोन पोरं कानाला हेडफोन लावून मारामारीचे खेळ खेळतात. तिथे उभं राहून आपल्या घरातल्या लेकराचं पहिलं दर्शन घ्यायचं मला पटलं नाही. मग अस्मिता उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानात जाऊन मोबाइलला लावायची वायर घेऊन आली. मोबाइल कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्याच्यातून इंटरनेट ओढायचं. हरेशभाईंनी सांगितलं, एकदम फास्ट चलेगा बेटा, रॉकेट. हरेशभाई स्वतः बेलवलीत कधी आलेले नाहीत.

आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तीही गजाला टेकवून ठेवला तर. वायर हातभर. म्हणून शुक्रवारी दाजींनी आणि अस्मिताने कॉम्प्युटर उचलून ओट्यावर आणला, शेगडीच्या शेजारी, आणि तेव्हापासून मी एका बर्नरवर स्वयंपाक करते आहे. (तेलाचा एक थेंब उडाला तरी अस्मिता किंचाळते. पोळ्या चालतात, फोडणी बंद.) तुझा मेल उघडायलाच सात मिनिटं लागली. मग फोटो यायला लागला तो वरून खाली, बोटभर पट्टी येऊन थांबायचा, मग आणखी बोटभर. दाजी घड्याळ घेऊन बसले आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहू लागले. रिटायर झाल्यापासून मी त्यांना एवढं खूश बघितलेलं नाही. अस्मिता म्हणाली की जाहिरातीत काय वाटेल ते आकडे असतात, कंपनी शंभराच्या वर सांगते, पण ते कागदावर. प्रत्यक्षात सेकंदाला तीन-चार केबी मिळालं तर नशीब, आणि आपल्याकडे दोनच येतंय. तुझा फोटो अडीच एमबीचा. दाजींनी भागाकार करून सांगितलं, वीस-बावीस मिनिटं. मी म्हटलं, नऊ महिने थांबलो, वीस मिनिटांचं काय.

पण राजू, तुला लहानपणापासून फोटो काढायची अक्कल नाही, ती नव्या कॅमेऱ्यानेही आलेली नाही. माणसाचा फोटो काढायचा तर त्यात एवढी भिंत कशाला? पहिली पाच मिनिटं नुसती भिंत. मग ट्यूबलाइट. मग बाबासाहेबांच्या तसबिरीची चौकट दिसायला लागली, तेव्हा दाजी उठून उभे राहिले आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले. तसबीर पूर्ण झाली, खाली पडद्याचा दांडा आला, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. तुझा फोन. 'ताई, बघितला का?' आता ऐक. या मोबाइलमध्ये एका वेळी एकच काम होतं. फोन आला की इंटरनेट जागच्या जागी थांबतं, आणि आमच्या घरात थांबलेलं परत चालू होत नाही, पुन्हा भिंतीपासून सुरुवात. शनिवारी सकाळी पुन्हा भिंत, ट्यूबलाइट, हात जोडले, पडद्याचा दांडा, आणि तुझा फोन. शनिवारी संध्याकाळी तर दोनही केबी येईनात. सातनंतर सगळं गाव एका टॉवरवर बोलत असतं, हे दाजींच्या कॅलेंडरवरून सिद्ध झालं. रविवारी तुझा फोन भिंतीवरच आला. बाप झाल्याच्या आनंदात तू तीन वेळा आपल्याच लेकीची वाट अडवलीस, आणि तुझा आवाज एवढा खुशीत असायचा की तुला फोन करू नकोस म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

काल दुपारी मात्र तू मीटिंगमध्ये होतास. भाजीवाली सखू बारवी धरणाकडून टोपली घेऊन आली होती, तीही टोपली उतरवून ओट्यापाशी बसली. पडद्याचा दांडा गेला, पडदा गेला, प्रज्ञाचा चेहरा आला, खांदा आला, आणि मग काळं कुळकुळीत जावळ. मग कपाळ. राजू, ते आपल्या आईचं कपाळ आहे. तेच रुंद, आणि उजवीकडे केसांचा तोच भोवरा. मी रडले, लपवत नाही. दाजींनी आकडे लिहायचे थांबवले. डाव्या भुवईपर्यंत आलं आणि लाइट गेली, ती रात्रीपर्यंत आलीच नाही. सखूने टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, 'बाय, पोर बगायची हाय तं पोरीकरं जाया नको का?' आणि मेथीची जुडी ठेवून निघून गेली. तिला काय सांगणार, की मला कोणी ये म्हटलेलं नाही?

तर माझी एवढीच विनंती, की फोटो लहान करून पाठव, त्यातली भिंत काप, आणि रोज अकरा ते बारा या वेळात फोन करू नकोस. रविवारी चौदा ऑक्टोबर, बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस, नामकरणाला तोच धरलास हे छान केलंस. प्रज्ञाला आणि बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझी,
मायाताई

ता.क. फोटो लहान नाही केलास तरी चालेल. नाव मी प्रज्ञाला पाचवा महिना होता तेव्हाच ठरवलंय, तोंड बघण्याचं निमित्त होतं. मला वाटलं, एवढं अडून बसले की तू म्हणशील, मग तूच ये ना ताई. तू कॅमेरा काढलास. नाव मी एसएमएसने देणार नाही. आत्या ते बाळाच्या कानात सांगते, मग बाकीच्यांना कळतं.

ता.क. २. हे पत्र पोस्टात टाकायला निघाले होते. वाटेत रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी लागली आणि रांगेत चारच माणसं होती. गुरुवारची गाडी, कल्याणहून. आरएसी मिळालंय, अर्ध्या बर्थवर बसून येईन. पोस्टाने हे तुला सोमवारी मिळालं असतं, म्हणून मीच सोबत आणते. शुक्रवारी तू दार उघडलंस की आधी हे तुझ्या हातात देईन आणि उंबऱ्याबाहेर उभी राहीन. इथपर्यंत वाचून झालं की 'ये ताई' म्हण. मग मी आत येईन.